पंखाखालचा आरसा

प्रिय धाकट्या,

तू फोन आपटलास तेव्हा माझं वाक्य अर्धंच झालं होतं. उरलेलं लिहिते. कागद आपटता येत नाही.

चूक मास्तरांचीच होती एवढंच सांग, म्हणालास. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असंही म्हणालास. आपण बांधलेलं विमान पाण्यावरून पहिल्यांदा उठलं ते याच वैमानिकाच्या हातून. त्याआधी सगळा उन्हाळा ते तळ्यावर नुसतं धावत होतं. पाणी पोटाला चिकटायचं, सोडायचं नाही. हे विमान नाही, म्हैस आहे, मास्तर म्हणायचे, पाण्यात बसली की उठायचं नाव नाही. मग आपण पोटाला आडवी पायरी पाडली, तिथे हवा शिरली आणि पाण्यानं पकड सोडली. तू माझ्या गळ्यात पडून रडलास. तेव्हा तुझ्या तोंडी बेटांवरच्या बाळंतिणी होत्या, पुरात अडकलेली माणसं होती. ती कामं आपण केलीही. नंतर पाहुण्यांना विमानतळावरून तळ्यावर आणायला सांगत हॉटेलवाले आले.

तू विसरला असशील म्हणून सांगते. धावपट्टीवर उतरताना चाकं खाली लागतात, पाण्यावर उतरताना वर. खाली राहिली तर पाणी त्यांना धरतं आणि विमान पालथं होतं. मास्तर चाकांना पाय म्हणायचे. पंखाखालच्या वाटीएवढ्या आरशात ती दिसायची. तळ्यावर उतरण्याआधी ते शेजारच्याला विचारायचे, पाय कुठेत? शेजारी डॉक्टर असो की बाळंतिणीची सासू, आरशात बघून ओरडायचं, वर! ते ऐकल्याशिवाय मास्तर उतरायचे नाहीत. एकदा एक आजी ओरडली, खालीच आहेत की रे मेल्या! त्या दिवशी सगळे वाचले.

हॉटेलवाल्यांना आरसा कुरूप वाटला. असलं विचारलं की गिऱ्हाईक घाबरतं, म्हणाले. तू आरसा काढलास आणि मास्तरांना गप्प बसायला सांगितलंस. मी भांडले. ताई, तू शेड बघ, धंदा मी बघतो, म्हणालास. मग विमानतळ, तळं, परत विमानतळ, परत तळं, श्वास घ्यायला फुरसत नाही. एका फेरीत पाय खालीच राहिले. प्रवासी पोहून बाहेर आले. मास्तर पट्ट्यात अडकले. हो, विसरले ते. माणूस विसरणार हे धरूनच तर आपण आरसा लावला होता.

मास्तरीणबाईंना भेटून आले. म्हणाल्या, घरी केर काढताना मी पाय वर म्हटलं की हसायचे. इतकी वर्षं सगळ्यांना विचारत आले, मग त्याच दिवशी का नाही विचारलं?

उद्या चौकशी समितीपुढे माझी साक्ष आहे. आरसा कुणी काढला आणि विचारायचं कुणी बंद केलं, ते मी सांगणार. कारखाना बंद पडेल. तुझ्यावर खटलाही होईल. लहानपणी तुझं प्रत्येक खापर मी माझ्या डोक्यावर फोडून घेतलं. हे मात्र तू मेलेल्या माणसाच्या डोक्यावर फोडायला निघालास. मी तुझ्याविरुद्ध का बोलते, हे तिथे कुणी विचारणार नाही. ते तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र.

तुझीच, अजून तरी,
ताई

ता. क. सकाळी साक्ष झाली. तू वकिलाशेजारी बसला होतास. मी सगळं सांगितलं. नंतर जिन्यात गाठ पडली तेव्हा तू म्हणालास, "अहो बाई, जरा वाट द्या." मी बाजूला झाले.