दारात उभे राहिलेले पूर्वज

दादा,

तू पाद्रीबाबांच्या धर्मात गेलास आणि सणाच्या दिवसांत मुखवटे घालून दारोदार येणाऱ्या पूर्वजांना दार बंद केलंस. तुझी श्रद्धा. पण काल तुझ्या दाराशी आलेला पूर्वज गुडघा धरून उभा होता. मृतांना संधिवात होतो असं कुठल्याही शास्त्रात नाही.

मुखवट्यामागे कोण, हे बायकांना ठाऊक नसतं, असा आपला कुळाचार. ते अज्ञान मी निष्ठेने पाळते. फक्त बाबांचा गुडघा रोज मीच शेकते.

"तो मला मेला," असं ते भर चौकात बोलून बसलेत. शब्द फिरवला तर पुरुष कसले? बाप म्हणून येता येईना, म्हणून पूर्वज होऊन आले. आणि तू आतून ओरडलास, "चालता हो, सैताना!"

घरी आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "ऊन फार गं." आभाळ गच्च भरलेलं होतं. मी म्हटलं, "हो ना, फारच."

हे पत्र धाडलं तर तू धावत येऊन सर्वांदेखत "बाबा" म्हणशील, आणि गुपित फुटल्याच्या लाजेने ते पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत. म्हणून हे चुलीत घालते. उद्या ते पुन्हा निघणार आहेत. देव तुझा असो की आमचा, त्याने उद्या तुझं दार चुकून उघडं ठेवावं.

तुझी,
धाकटी