डोळ्यांच्या साथीतला बघण्याचा कार्यक्रम

८ जून १९८१, सोमवार
आजच्या मीटिंगमध्ये आमच्या खजिनदार यशोदाबाई सर्वांसमोर मला म्हणाल्या, बाई, मागच्या वेळी तुम्ही असं बोललाच नव्हतात. मी बोलले होते. पुन्हा वाद नको म्हणून आजपासून लिहून ठेवणं भाग आहे. वही कुणालाही दाखवणार नाही.

अध्यक्ष म्हणून मी मांडलेला ठराव असा: डोळ्यांची साथ आहे, गर्दीला बंदी आहे, तरी महिला मंडळाचं मोफत वधूवर सूचक केंद्र चालूच राहील. मुलगी मंडळाच्या ओट्यावर, मुलगा फाटकाशी, मध्ये अंगण. सर्वांना काळा चष्मा सक्तीचा. यशोदाबाईंनी विचारलं, मग बघायचं काय? बी.ए. होऊन तीस वर्षं झाली, इतका बाळबोध प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

९ जून
उमेदवारांची तपासणी मी स्वतः घरोघर जाऊन करणार. अंगठ्याने खालची पापणी ओढायची. लाल दिसली, की कार्यक्रम रद्द. आज पंचवटीतली घरं केली. सगळे ठणठणीत.
संध्याकाळी डोळ्यांत चुरचुर. कांदा चिरला होता. लासलगावचा.

११ जून
परवा तपासलेल्या सगळ्या घरांत डोळे आले! मला त्याच दिवशी संशय आला होता, लिहायचं राहून गेलं. माझी तपासणी रोग दिसायच्या आधीच तो हेरते, असं यशोदाबाईंना सांगितलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या. आदर असावा.

१२ जून
सकाळी पापण्या चिकटलेल्या. वाचन जास्त झालं. काय वाचलं ते आठवत नाही.

फुलांची शेती करणारी शकुबाई आली. तिच्या सिंधूची तीन स्थळं मोडली आहेत. नामपूरचा जयराम शाळामास्तर आहे, सध्या नाशकात मामाकडे उतरलाय, सोमवारी शाळा उघडते म्हणून रविवारी रात्रीच परत जाणार. शकुबाई रडकुंडीला आली होती. म्हणाली, बाई, एवढा रविवार हुकवू नका, हे बी स्थळ गेलं तर पोर कायमची घरी बसंल. मी म्हटलं, मी आहे ना.
लगेच जाऊन सिंधूच्या आणि जयरामच्या पापण्या ओढून आले. दोघेही स्वच्छ.

१४ जून, रविवार, दुपार
कार्यक्रम उत्तम झाला. मुलगा वेळेवर. फाटकाशी रिक्षाला टेकून उभा, काळा चष्मा लावून. खणखणीत आवाजात विचारलं, नोकरी? म्हणाला, फिरतीची. (मास्तराला फिरती कशी? चौकशी करणे.) व्यसन? म्हणाला, लय नाय, तंबाखू फक्त. प्रामाणिक आहे. पोहे दोनदा मागून घेतले.
सिंधू ओट्यावर ताठ बसली होती. शिवण येतं का, विचारलं. उत्तर नाही. लाजली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दुपारचा मुलगा जयराम नव्हता, रिक्षावाला गोटीराम होता. सिंधूचे आणि जयरामचे डोळे सकाळीच आले, दोघेही दवाखान्यात गेलेत, एवढा निरोप द्यायला आलेला. माझे प्रश्न संपेपर्यंत मी त्याला मध्ये बोलू दिलं नव्हतं.
ओट्यावर मंडळाचं शिलाई मशीन होतं, चादर घातलेलं. त्यावर चष्मा कुणी ठेवला, कळत नाही. चष्मे माझ्याच ताब्यात होते.
स्थळ गेलं बहुतेक. दोष पोह्यांतल्या कांद्याचा. फार डोळे झोंबतात.

१६ जून
स्थळ गेलेलं नाही! डोळ्यांमुळे जयरामने शाळेत रजा टाकली. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसून, एकमेकांच्या डोळ्यांत औषध घालता घालता दोघांनी परस्पर ठरवूनही टाकलं. शकुबाई फाटकाबाहेरूनच ओरडून सांगत होती, बाई, हे तुमच्या अंगठ्याचं काम हाय! आणि हसत होती. मी आभार नम्रपणे स्वीकारले. लग्नाला यायचा आग्रह तिने केला नाही. साथीचे दिवस आहेत.

१८ जून
कार्यकारिणीने मला अध्यक्षपदावरून विश्रांती दिली. मी तेच सुचवणार होते. यशोदाबाईंकडे चार्ज दिला: कपाटाची किल्ली, मंडळाचा शिक्का, काळे चष्मे, फाटकाचं कुलूप. सही त्यांनी स्वतःच्या पेनने केली. प्रत्येक वस्तू सांडशीने उचलली.
सांडशी मंडळाचीच होती. तीही दिलेल्यांत धरली.