खालच्या खोलीचा नळ

मी, खाली सही करणारी बाई, शाळांचे गणवेश शिवून संसार केलेली, सत्तरी ओलांडलेली, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे काही नाही, पण कागदावर सही मात्र त्यांनी आधीच घेऊन ठेवली आहे. जीव थाऱ्यावर नाही, अक्कल आहे. मृत्युपत्राला तेवढी पुरते असे वकील म्हणाले.

हे माझे दुसरे मृत्युपत्र. पहिले काल लिहिले आणि आज सकाळी वकिलांनी ते फाडायला लावले. त्यावर साक्षीदार म्हणून तव्यावाली आणि मासेवाला यांच्या सह्या होत्या. दोघे खाली गल्लीतच गाड्या लावून उभे होते, हाक मारल्यावर हात पुसत वर आले. वकिलांनी कपाळाला हात लावला. "आजी, ज्यांना खोली द्यायची त्यांनाच साक्षीला उभं केलंत? साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. खोली त्यांच्या हातून गेली असती."

मग रस्त्यावरचा कुणीही धरून आणते म्हटले, तर तेही चालेना. उद्या कुणी कोर्टात गेले तर हजर राहील, असा ओळखीचा माणूस हवा. माझ्या ओळखीचा आणि माझ्याकडून काहीही न मिळणारा माणूस शोधण्यात दुपार गेली.

कलम एक. मी राहते ते वरचे घर मुलाच्या नावावर केव्हाच केले आहे. त्याबद्दल या कागदात काही नाही.

कलम दोन. तळमजल्यावरची खोली, तिच्यातला नळ आणि मोरीसह, मी तव्यावाली आणि मासेवाला यांना दोघांत मिळून देते. अट एकच. गल्लीतल्या कुठल्याही गाडीवाल्याला पाणी भरायला आणि रात्री गाडी आत लावायला त्यांनी आडकाठी करू नये. मुलाला ही खोली औषधांच्या दुकानाला द्यायची आहे. भाडे चांगले येईल, त्याचे म्हणणे खोटे नाही. पण गल्लीत दुसरा नळ नाही. तो बंद झाला की महिन्याभरात गल्ली रिकामी होईल, आणि मग औषधे घ्यायला तरी कोण येणार आहे?

इथे मी उठून खिडकीपर्यंत जाऊन आले. तवा तापला आहे. कांदा पडल्याचा आवाज आला.

आमच्या घरात स्वयंपाकघर होते, पण त्यात कापडाचे तागे असत. शाळा सुरू होण्याआधी माझा पाय मशीनवरून निघत नसे आणि हे बस चालवून घरी येत ते भुकेने कावलेले. मग आम्ही खाली उतरायचो. दोऱ्याच्या रिळाच्या भावात दोघांचे पोट भरायचे. तव्यावालीच्या सासूच्या हातचे अंडे कडेला कुरकुरीत आणि आत लुसलुशीत असे. आता सून करते, तसेच करते, मिरे जरा जास्त घालते. मासेवाला शेपटीकडचा तुकडा माझ्यासाठी बाजूला ठेवतो आणि इतरांना संपला म्हणून सांगतो. हे गेले त्या दिवशी मी घरात बसू शकले नाही. खाली जाऊन उभी राहिले. तव्यावालीने फक्त बशी पुढे केली. मी रडत रडत खाल्ले आणि अजून एक मागितले.

कलम तीन. माझ्या नणंदेने लग्नात दिलेला भांड्यांचा संच तिला परत करावा. खोके उघडलेले नाही. "बाजारचं खाऊन संसार होत नाही," असे ती चारचौघांत म्हणाली होती. संसार झाला. तिला आता गुडघ्यांमुळे ओट्याशी उभे राहवत नाही आणि घरी डबा येतो, हे मला कळले आहे. मला आनंद झाला असे मी इथे लिहिणार होते. लिहीत नाही.

कलम चार. मोठी कात्री तव्यावालीच्या मुलीला. शिवण शिकते आहे. कात्रीने कागद कापताना दिसली तर परत घ्यावी.

कलम पाच. शिलाई मशीन मुलाला. मशीनच्या पायडलाशी बसून त्याने पाढे पाठ केले.

कलम सहा. माझ्यामागे हॉल घेऊन पंगत बसवू नये. ज्याला माझी आठवण येईल त्याने गल्लीत उतरावे, उभ्याने खावे आणि घासाघीस न करता पैसे द्यावेत.

आता साक्षीदार. पहिले माझ्याही वरच्या मजल्यावरचे, घड्याळे दुरुस्त करणारे घड्याळजी. धुराच्या तक्रारी करून त्यांनी पालिकेचे दार झिजवले आहे, त्यामुळे त्यांना काही द्यायची माझी इच्छा नाही. म्हणूनच ते चालतात. डोळ्याला भिंग लावून त्यांनी अक्षर न् अक्षर वाचले आणि म्हणाले, "खोली राहू द्या हो त्यांच्याकडे. धुराचं मी बघून घेईन." शनिवारी त्यांच्याकडे माशांचे पुडके जाते, हे गल्लीला ठाऊक आहे.

दुसरा मिळेना. पाच वाजता मुलगा मला दवाखान्यात न्यायला आला. कागद टेबलावरच होता, त्याने उभ्याउभ्या वाचला.

"माझ्यावर भरवसा नाही म्हणून एवढं केलंस?"

"हो," मी म्हणाले. खोटे कशाला बोलू.

तो खाली गेला. बराच वेळ आला नाही. मी दारापर्यंत गेले, परत आले, पिशवीतले टॉवेल काढून त्यांच्या पुन्हा घड्या घातल्या. गेला असेल निघून, असे वाटले.

तो वर आला तेव्हा हातात कागदाचे पुडके होते. "मिरे कमी घाल म्हटलं तिला. डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलंय."

"तू खाल्लंस?"

"हो. उभ्यानेच." मग खुर्ची ओढून बसला. "आई, उद्या या कागदावर कोर्टात कोण जाणार? मीच ना? मग साक्षीला मीच सही करतो. माझीच सही असल्यावर मी कुठल्या तोंडानं भांडू?"

"मग मशीन तुला मिळणार नाही. साक्षीदाराला काही घेता येत नाही."

तो मशीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाचवं कलम खोड."

कलम पाच माझ्या हाताने खोडले आहे. बाजूला माझी सही आहे.

स्थळ: राहते घर, खिडकीजवळचे टेबल.
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, जेवण झाल्यावर.

लिहून देणार: गणवेश शिवणारी बाई (सही)

साक्षीदार एक: घड्याळजी, वरचा मजला (सही). यांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

साक्षीदार दोन: मुलगा (सही). याला या मृत्युपत्राने काही मिळत नाही.