भोंग्याचा उपवास

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू हे न उघडताच उशीखाली ढकलशील, म्हणून पत्ता वहिनीकडून लिहून घेतलाय. एवढी लबाडी चालवून घे. तिथे फोन जवळ ठेवू देत नाहीत, पत्र मात्र देतात, असं तीच म्हणाली. व्यसनमुक्ती केंद्र हे शब्द तिच्या तोंडून आले तेव्हा मला वाटलं, ती शेजारच्या कुणाबद्दल बोलतेय. पुढे म्हणाली, भोंग्याला आणू नकोस, तिने मला तोडलंय, आता कुठल्या तोंडाने भेटू, असं तू म्हणतोस. दादा, मी तुला तोडलेलं नाही. काय झालं ते सगळं सांगते. सांगताना मी वाहवत जाते हे तुला नवीन नाही, पण ह्या वेळी मधेच कंटाळू नकोस, शेवटपर्यंत वाच.

माझे उपवासकाळ आठवतात ना तुला? ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आपल्या चर्चची सगळी मंडळी एखादी आवडीची गोष्ट सोडते. कुणी चहा सोडतं, कुणी सिनेमा, आणि गपगुमान राहतं. मी सोडायचे ते वाजतगाजत. आरसा सोडला त्या वर्षी कपाळावर कवळीच्या साच्यांच्या प्लास्टरचा पांढरा पट्टा घेऊन तरुण संघाच्या सभेला गेले आणि अध्यक्षस्थानी बसले. एकदा ‘मी’ हा शब्दच सोडला, अहंकार जावा म्हणून. दुपारच्या जेवणापर्यंत ‘हिला भूक लागली’, ‘हिला वाढा’ असं चाललं होतं, मग आईने लाटणं उचललं आणि अहंकार परत आला. आणि मिठाचं वर्ष. स्वयंपाक माझ्याकडे होता, हात मोहात पडायला नको म्हणून मी अख्ख्या घराच्या जेवणात मीठ घालणं बंद केलं. आई बिचारी मुकाट्याने जेवली. तू खिशातून मिठाची पुडी काढायचास, आधी आईच्या ताटात चिमूटभर टाकायचास, मग आपल्या. उपवास भोंगा करतो आणि उपाशी आपण राहतो, असं म्हणालास तेव्हा मी दोन दिवस फुगून बसले होते. तुझं खरं होतं, पण ते मला कळायला ह्या वर्षीचा ईस्टर उजाडावा लागला.

ह्या वर्षी उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, ज्याचं तुम्हाला काही वाटत नाही ते सोडून देवावर उपकार केल्यासारखं करू नका. जे सोडताना जीव कळवळेल ते सोडा, आणि कुणाला सांगू नका. मी पहिल्याच बाकावर होते, मला वाटलं माझ्याकडेच बघून बोलतायत. दिवसभर कवळ्यांच्या कारखान्यात तेच डोक्यात. माझी प्रार्थना डोळे मिटून होत नाही हे तुला माहीत आहे, डोळे मिटले की मला झोप लागते. माझी प्रार्थना होते ती कवळी पॉलिश करताना. यंत्र घरघरत असतं, कुणाला काही ऐकू जात नाही, आणि मी मोठ्याने सांगत असते की प्रभू, ह्या आजोबांना हे दात बसू देत, जेवताना ताटात पडू नयेत, आणि जाता जाता मालकांना जरा सुबुद्धी दे. त्या दिवशी विचारत होते, तुला काय देऊ? गोड सोडलं तर मालकच म्हणतील, बरं झालं, अंगाने सुटत चालली होतीस. गाणं सोडलं तर गायनमंडळ उलट आनंदेल. काही केल्या सुचेना. आणि संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढतेय तोच तुझा फोन वाजला, आणि मी एक चप्पल पायात ठेवूनच धावले. धावता धावता मला सापडलं.

मी फोन उचलला नाही. वाजून वाजून थांबला तेव्हा जीव कळवळला, आणि खरं सांगायचं तर त्या कळवळण्याचा मला आनंद झाला. इतकं महागाचं दान अख्ख्या मंडळीत कुणी दिलं नसेल, असं मनात आलं. हे लिहायला नको वाटतंय, पण आलं होतं.

कारण तुझा तो फोन म्हणजे माझ्या दिवसातली सगळ्यात गोड वस्तू. तू लिफ्टच्या ऑफिसातून बाहेर पडायचास आणि फोन लावायचास. कुठल्या इमारतीत कोण अडकलं, कुठल्या बाईंनी तू दार उघडायच्या आत देवाचा धावा करून संपवला, हे तू सांगायचास. मी माझ्या गिऱ्हाइकांचं सांगायचे. ते निवृत्त मास्तर, ज्यांना कवळीतसुद्धा जुनी फट जशीच्या तशी हवी होती, कारण शिट्टी तिथूनच वाजायची. तू चालता चालता हसायचास, मधे गाड्यांचे हॉर्न, आणि मग एकदम ‘बरं, आलं घर’ म्हणून फोन बंद. ह्याचा मला राग यायचा हो. कधी निवांत बसून म्हणून बोलणार नाही, बहीण म्हणजे काय ह्याचा रस्त्यातला विरंगुळा, असं मी वहिनीजवळ बोलूनही दाखवलं होतं. वहिनी नुसती हं म्हणाली होती.

तर तो फोन मी सोडला. तुला सांगितलं नाही, कारण सांगायचं नव्हतं ना कुणाला. तू रोज लावायचास आणि मी तो वाजू द्यायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी ‘गडबडीत आहे, नंतर बोलू’ असा निरोप टाकला. उपवासात खोटं बोलले आणि त्याचंही काही वाटलं नाही. मग तुझे फोन दोन दिवसांनी यायला लागले, मग चार दिवसांनी. मला वाटलं, देवाने मोह हलका केला.

आता रविवारचं. हे मला सांगायलाच हवं. रविवार प्रभूचा, त्या दिवशी उपवास सुटतो, चाळिसात तो मोजतही नाहीत. चहा सोडलेले रविवारी चहा पितात, पाळकसाहेबांची मुलगी तर रविवारी चॉकलेटचा डबा घेऊनच बसते. मला पैकीच्या पैकी मार्क हवे होते. मी रविवारीही उपवास सोडला नाही. मधल्या एका रविवारी तुझी ड्यूटी होती, आणि संध्याकाळी तू पाठोपाठ तीनदा फोन केलास. मी काहीही करत नव्हते दादा. इस्त्रीसुद्धा झाली होती. फोन टेबलावर थरथरत कडेपर्यंत सरकला, मी त्याला बोटाने मागे ढकललं, आणि ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने भक्तिगीत म्हणायला लागले. ज्या आवाजावरून तू मला भोंगा म्हणतोस त्याच आवाजात. त्यानंतर तुझा एकही फोन आला नाही.

ईस्टरला वहिनी पिल्लूला घेऊन माहेरी आली होती, म्हणून उपासनेला आपल्या चर्चमध्ये होती. तुला कामामुळे यायला जमलं नाही एवढंच म्हणाली. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, ह्या काळात कुणाला काही लाभलं असेल तर साक्ष द्या. आता सांगायला काय हरकत, काळ तर संपला, असं म्हणून मी उठले. माईक हातात घेतला. माझ्या भावावर माझा किती जीव आहे, आईच्या मागे त्यानेच मला सांभाळलं, त्याच्या फोनवाचून मला घास जात नाही, आणि तोच फोन मी प्रभूसाठी सोडला, हे मी इतकं रंगवून सांगितलं की पुढच्या बाकावरच्या बाईंनी डोळे पुसले. मीही पुसले. वहिनीला वाईट वाटू नये म्हणून तिच्याकडे बघून हसलेसुद्धा. ती हसली नाही. पिल्लू तिच्या मांडीवरून उतरायला बघत होतं आणि तिने त्याला घट्ट धरून ठेवलं होतं.

नंतर चर्चमागच्या स्वयंपाकघरात मी कप विसळत होते, ती पुसत होती. माझ्याकडे न बघता ती बोलायला लागली. म्हणाली, त्याच्या ऑफिसपासून आमच्या घरापर्यंतच्या रस्त्यावर तीन बार आहेत. दारू सुटली असं तुम्ही सगळे म्हणता, सुटली वगैरे काही नसते, रोज संध्याकाळी त्या रस्त्याने तिला सोडून यावं लागतं. तो तुझ्याशी बोलत यायचा. तू त्याला रोज हाताला धरून घरी आणत होतीस. तुला हे सांगू नको असं मला बजावायचा, लहान बहिणीला कशाला ते ओझं. मग तू फोन घेईनाशी झालीस. त्या रविवारी तो घरी आला तेव्हा मला कळलंच. सोमवारी तसाच कामावर गेला, साहेबांनी लिफ्टच्या चाव्या काढून घेतल्या, मग त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावं लागलं. नशीब म्हणायचं, कुणाच्या जिवावर बेतलं नाही. ती एवढंच बोलली. रडली नाही, मला रागे भरली नाही. शेवटचा कप पुसून फळीवर ठेवला आणि म्हणाली, हे उपवासाचं मी त्याला सांगणार नाही, ते तूच सांग.

त्यानंतर यंत्रापुढे बसले की प्रार्थनेला तोंडच उघडत नाही. एका काकूंच्या कवळीला सुळाच दोनदा बसवला, मालक म्हणाले, काकू काय माणसं खायला निघाल्यात का. मला हसूसुद्धा आलं नाही. मी पाळकसाहेबांकडे गेले. वाटलं होतं, ओरडतील, निदान समजूत तरी घालतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, भावाला विचारलं होतंस का? तेवढंच. मी घरी येऊन खूप रडले. देवाने तुला माझ्याकडे मागितलंच नव्हतं दादा. मीच तुला देऊन टाकलं, आणि वर त्याच्यापुढे मिरवलं. मला माफ कर. लगेच नको. मी लगेच मागतेय ती माझी जुनी खोड आहे, तुला हवा तेवढा वेळ घे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. वहिनी म्हणाली, राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी आपल्या मंडळीतले खजिनदारकाका कामासाठी तुमच्या गावात आले होते, त्यांनी तुला बारसमोर उभं असलेलं पाहिलं. तुमची नजरानजर झाली. दुसऱ्या दिवसापासून मी फोन घेतला नाही, म्हणून काकांनी मला सांगितलं असं तू धरून चाललास. काका माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. तू वहिनीला शपथेवर सांगितलंस की आत गेलो नव्हतो, पण असल्या शपथा तिने इतक्या ऐकल्यात की तिचा विश्वास बसला नाही. आणि आता तूच तिथल्या डॉक्टरांना म्हणालास, कदाचित गेलोही असेन, माझा माझ्यावर भरवसा नाही. दादा, तू गेला नव्हतास. मला माहीत आहे, कारण त्या वेळी तू माझ्याशी बोलत होतास. मागे ग्लास आपटत होते, कुणीतरी गाणं लावलं होतं, आणि तुझी पावलं थांबली होती. कुठे अडकलास, असं मी विचारलं, तर म्हणालास, कुठे नाही, तू बोल. मी शिट्टीवाल्या मास्तरांची गोष्ट सांगितली, संपली तर म्हणालास, अजून सांग. दुसरी सांगितली, तरी अजून सांग. माझं दूध उतू गेलं त्या नादात, मी वैतागलेही होते. मग ते गाणं हळूहळू मागे पडत गेलं, आणि तुझी पावलं परत ऐकू यायला लागली. हे मी वहिनीला सांगितलंय, ती बराच वेळ माझा हात धरून बसली होती. शनिवारी नातेवाइकांना आत सोडतात, मी तिच्याबरोबर येतेय. तू भेटला नाहीस तरी तुझ्या डॉक्टरांना भेटून सांगणार आहे. चर्चमध्ये माईकवर दिली ती साक्ष माझ्याच कौतुकाची होती, तिचं काही खरं नाही. माझ्याकडे द्यायला खरी साक्ष एकच आहे: त्या संध्याकाळी माझा दादा बारच्या दारात उभा राहिला, आणि चालत घरी गेला.

तुझीच,
भोंगा