हत्तीसाठी उचललेली छपरं

नान्ना, तुम्हाला बाबा अशी हाक कधी मारली नाही; घरात आपण तेलुगूच बोलायचो, पण मला ती लिहिता येत नाही. शाळा मराठी झाली, म्हणून हे पत्रही मराठीतच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की एवढ्यावरून आता तुम्ही रागावणार नाही. परवा नातवाने नवा फोन मागितला. हातातला धडधाकट होता. म्हणे, सगळी पोरं खेळतात तो खेळ ह्यात चालत नाही. सून त्याच्यावर ओरडत होती आणि मला सोलापुरातली आपली गल्ली दिसत होती, ओळीने छपरं उघडी पडलेली.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. तुम्ही शेटच्या कारखान्यात चादरींवरची चित्रं काढायचात. आधी ग्राफच्या कागदावर चित्र, मग चौकोन बघून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं. त्या पट्ट्यांची माळ जेकार्डच्या यंत्रावर चढवली की कुठला धागा उचलायचा ते मागाला आपोआप कळायचं. एकदा मी डबा घेऊन आले आणि एका भोकात बोट घातलं, तर तुम्ही हातावर फटका मारलात. "भोक फाटलं की हत्ती लंगडा होतो," म्हणालात. मग अर्धी भाकरी मला दिलीत.

जेकार्ड मागाच्या डोक्यावर बसतं, चांगलं उंच धूड. ते बसवायचं तर आधी छप्पर वर न्यावं लागतं. आपल्या गल्लीत कुणाला ते नकोच होतं. चादर पांघरायची असते, बघत बसायची नसते, असं सगळे म्हणायचे. मग तुमचे हत्ती आले. समोरासमोर दोन, सोंडा वर, आणि कुठूनही बघा, त्यांचा डोळा आपल्याकडेच. माढ्याकडची, करकंबची माणसं लेकीच्या रुखवतात मांडायला हत्तीची चादर मागू लागली. शेटने पट्ट्यांच्या माळा विकायला काढल्या. ज्यांनी नाकं मुरडली होती, त्यांनीच पत्रे उतरवले, भिंतींवर विटांचे थर चढवले आणि जेकार्डं आणली. यंत्र कुणालाच नको होतं, हत्ती हवा होता. यंत्र त्याच्या मागोमाग घरात शिरलं.

आपलं घर भाड्याचं. पुढच्या खोलीत अम्माचा हातमाग होता, साध्या चौकडीच्या चादरींचा. तिच्याबरोबर गठ्ठा घेऊन मी दुकानात गेले, तर दुकानदाराने गाठसुद्धा सोडू दिली नाही. "अक्का, चौकडी कोण घेतंय आता? हत्ती हाय का सांगा की." अम्मा गठ्ठा तसाच उचलून परत आली. तुम्ही चहा पीत होता. "तुमचा हत्ती माझ्या मागावर येऊन बसला," ती म्हणाली आणि हसली. तुम्ही हसला नाहीत. कप तसाच ठेवून घरमालकाकडे गेलात, छप्पर उचलू द्या म्हणून. तो दारातूनच म्हणाला, "हत्ती काढा न्हायतर उंट काढा, पत्र्याला हात लावायचा न्हाय. भिंती लई जुन्या हायत."

छप्पर वर जात नाही, तर माग खाली नेऊ, हे तुमचंच डोकं. सुट्टीच्या दिवशी तुम्ही खोलीतली जमीन खणत होता आणि अम्मा पाट्या भरून माती बाहेर टाकत होती. शेटकडचं एक जुनं जेकार्ड तुम्ही मागून आणलंत. ते बसलं, पत्र्याला घासून का होईना, पण बसलं. अम्माच्या मागावर हत्तीची सोंड उतरली तेव्हा ती पाय हलवत गुणगुणत होती. तसं गुणगुणणं मी पुन्हा ऐकलं नाही. कारण मग खड्ड्याला ओल सुटली. खाली लोंबणारी पट्ट्यांची माळ भिजली, पुठ्ठा फुगला, भोकं बुजली, हत्तीची सोंड मधेच तुटू लागली. तुम्ही पट्ट्या उन्हात वाळवल्यात, नव्या पाडल्यात, त्याही भिजल्या. शेवटी तुम्हीच खड्डा बुजवलात. माग मोडीत गेला. त्याच जागेवर अम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसली. "जमीन बरी सपाट झाली," एवढंच म्हणाली.

मला तेव्हा काही वाटलं नाही, नान्ना. राग यायला हवा होता. कुणाचा, तुमचा? तुम्ही तर एक चांगलं चित्र काढलं होतं. दात काढल्यावर गाल बधिर होतो, तसं काहीतरी झालं आणि ते उतरलंच नाही. तुम्ही गेलात तेव्हाही मी आल्यागेल्यांना चहा करत होते.

त्या दिवाळीला तुम्ही अम्मासाठी हत्तीची चादर आणलीत, कारखान्यातली सगळ्यांत सरस. ती नको म्हणाली नाही. पेटीत ठेवली आणि शेवटपर्यंत स्वतःच्या हातची चौकडी पांघरली, तिची चाळण होईपर्यंत.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगते. अम्मा गेल्यावर त्या चादरीची घडी मी मोडली. हत्ती दिसू नयेत म्हणून आधी उलटी करून घेतली. विणकराची लेक मी, मला ठाऊक असायला हवं होतं. मागच्या बाजूलाही हत्तीच, फक्त रंग उलटे. आता जी बाजू हाताला येईल ती वर घेऊन पांघरते. ऊब चांगली आहे तिला. अम्मा असती तर मी ती पांघरली नसती, आणि हे तुम्हाला कळवलंही नसतं.