ग्रहणाच्या दिवशी भिंतीवर

बाबा, मागच्या आठवड्यात मी डोळे तपासून घेतले. प्रताप नगरात आमच्या घराजवळच एक डोळ्यांची डॉक्टर आहे, माझ्या मुलीच्या वयाची. तिने थेंब टाकून तासभर बसवून ठेवलं, मग डोळ्यांत उजेड मारून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, मोतीबिंदू काढावा लागेल, पण मागचा पडदा अगदी उत्तम आहे, एकही डाग नाही. एवढी चांगली बातमी ऐकून कोणी रडत नाही. मी रडले. तिला वाटलं थेंबांमुळे, म्हणून तिने कापूस दिला. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं घोळतंय आणि कुठून सुरुवात करावी तेच उमगत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, दिसलं तिथून सुरू कर.

तुम्ही रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत फिल्मा धुवायचात. दिवसभर लाल दिव्यात काढायचे आणि संध्याकाळी सायकलवरून घरी येताना जे दिसेल ते डोळे भरून पाहायचे. शाळा तुमची सातवीपर्यंत. तरी इतवारीतून आणलेल्या लाल पुठ्ठ्याच्या वहीत तुमचं सगळं असायचं: मे महिन्यात भर बारा वाजता अंगणातल्या काठीची सावली कोणत्या दिवशी नाहीशी झाली, मुंग्यांनी अंडी कधी हलवली, कडुलिंबाला पहिला मोहर कधी आला. शेजारपाजारचे हसायचे. तुम्हाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. छप्पन साली दीक्षा घेतलीत तेव्हापासून तुमचा एकच हट्ट होता, की माणसानं भ्यायचं नाही आणि ऐकीव धरायचं नाही. मी नऊ वर्षांची असताना परसातल्या वांग्याच्या पानांत शिंपी पक्ष्यानं घरटं शिवलं. अक्षरशः शिवलं, पानाला भोकं पाडून, कापसाचे धागे ओवून. तुम्ही मला अंडी मोजून वहीत लिहायला सांगितलंत. पक्षीण अंगावर येईल म्हणून मी जवळ गेलेच नाही, आणि "चार" लिहून मोकळी झाले. तुम्ही जाऊन पाहिलंत तर तीन. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिच्यासमोरच तुम्ही मला उभं केलंत. आवाज चढवला नाहीत. "तीन लिवले असते, दोन लिवले असते, नाही मोजले असं लिवलं असतं तरी चाललं असतं. न पाहता चार काहून लिवलं वं?" दुसऱ्या दिवशी मात्र दवाखान्यातून एक कडेला टवका उडालेलं भिंग आणलंत आणि माझ्या दप्तरात ठेवलंत. तुमची शिक्षा आणि तुमचं बक्षीस यांत फरक करणं मला कधी जमलं नाही.

ऐंशी सालचं ग्रहण आलं तेव्हा मी पंधराची होते. दुपारचं ग्रहण. वस्तीत दोन दिवस आधीपासून दुसरा विषय नव्हता. गरोदर बायांनी चिरायचं नाही, कोणी काही खायचं नाही, पोट्ट्यांना घराबाहेर सोडायचं नाही. धर्म बदलून चोवीस वर्षं झाली होती, पण ग्रहणाची भीती आमच्यातल्या बऱ्याच जणांबरोबर तशीच चालत आली होती. तुम्ही दारोदार जाऊन सांगत होतात, चंद्राची सावली आहे, भेव कायचं. आईने दुपारी पाण्याचा माठ झाकला तेव्हा तिच्यावरही चिडलात. ती ऐकून घेणारी नव्हती. "आपण बौद्ध झालो जी, सूर्य थोडाच झाला! त्याले गरहन लागतेच." तुम्हाला हसू फुटलं आणि भांडण तिथेच संपलं. तुम्ही दवाखान्यातून जुन्या, टाकून दिलेल्या फिल्मा आणल्या होत्या. कोणाच्या छातीच्या, कोणाच्या मांडीच्या. काळ्याभोर भागाच्या पट्ट्या कापल्यात. फिल्मांतलं तुम्हाला कोण शिकवणार? दुहेरी धरली तर सूर्याची कड नीट दिसत नाही, म्हणून स्वतःसाठी आणि माझ्यासाठी एकेरीच ठेवलीत. बाकीच्यांना दुहेरी दिलीत आणि एकदोनदाच बघा म्हणालात. ते तरी बरं झालं.

अडीचच्या सुमारास सुरुवात झाली. रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळी दारं बंद, रेडिओसुद्धा घरात बसा म्हणत होता. पलीकडच्या घरातल्या मावशींनी परातीत पाणी घालून मुसळ उभं केलं होतं. ग्रहण असलं की मुसळ आपोआप उभं राहतं, सुटलं की पडतं, अशी त्यांची खात्री. तुमच्या शब्दाखातर चार-पाच माणसं मात्र बाहेर आली, पट्टीतून पाहून "अरे बापा" म्हणाली आणि लगबगीने घरात गेली. तुम्ही कडुलिंबाखाली घराच्या भिंतीला पाठ करून उभे होतात, एका हातात पट्टी, दुसऱ्यात पेन्सिल. पाहायचं, वहीत चित्र काढायचं, परत पाहायचं. तासभर तेच. ऊन होतं पण त्यातली ऊब गेली होती, आणि चिमण्या झाडात शिरून भलत्याच वेळी कलकलाट करत होत्या. ग्रहण ऐन भरात आलं तेव्हा माझी पट्टी माझ्या हाती दिलीत. "वीस मोज. मोठ्यानं मोज. मंग सांगजो काय दिसलं ते." मी मोजले. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं: कोर दिसली, दोन्ही टोकं वर. तुम्ही ते माझ्या नावानं वहीत लिहिलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मावशींकडे गेलात आणि त्यांच्याच परातीत तेच मुसळ उभं केलंत. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं. "पाहा मावशी, आज कुठं गरहन आहे?" मावशी तरी काय कमी? "कालचा असर असन गा." मी हसून लोळले. ते दोनदा का पडलं हे मला चार दिवसांनी कळलं, जेव्हा तुम्ही वर्तमानपत्र तिरपं धरून कडेकडेनं वाचताना मला दिसलात. उजव्या डोळ्यात बरोबर मधोमध एक डाग होता. पाहाल तिथे डाग. माणसाकडे पाहिलं की त्याचं तोंडच नाहीसं. दवाखान्यात फिल्मांवरचे नंबर वाचता येईनात म्हणून तुम्ही डावा डोळा पुढे करून वाचायला लागला होतात. "आईले सांगू नको. वस्तीत तं बिलकुल नाही." मी विचारलं, काहून? "लोकं म्हणतीन, गरहनानं डोळा खाल्ला. मंग हे लोकं पोट्ट्याईले जलमभर घरात कोंडतीन." ज्यांनी मला एका अंड्यासाठी आईसमोर उभं केलं होतं, ते मला गप्प बसायला सांगत होते. मी बसले. सत्त्याऐंशीत तुम्ही गेलात तोवर बसले, आई गेली तोवर बसले. ती लपवाछपवी होती की मोठेपणा, हे मला अजून ठरवता येत नाही. काही दिवस वाटतं, बाबा भ्याले. काही दिवस वाटतं, एवढं धैर्य कोणात असतं?

आणि तुम्ही मला मात्र सोडलं नाहीत. दर रविवारी उंबऱ्यात उभं करायचं, एक डोळा हातानं झाकायचा आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला लावायचं. "बरोबर दिसते ना तुले? मधात काही काळं?" मग दुसरा डोळा. मी पाटी घडाघडा वाचायची, तुम्ही मान डोलवायचात, पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच. लग्न होऊन सासरी गेले तरी माहेरी आले की पहिली पाटी, मग चहा. आपण पोरीच्या डोळ्याचं वाटोळं केलं की काय, हा घोर तुम्हाला पोखरत होता, हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी पाटी वाचत होते.

पुढे, तुम्ही गेल्यावर, मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. खोक्याला सुईनं भोक पाडून मेणबत्तीची ज्योत पाठीमागच्या कागदावर पाडायची, हा सातवीचा प्रयोग. ज्योत उलटी पडते. पहिल्यांदा तो वर्गात केला त्याच दिवशी मी घरी येऊन तुमची वही काढली. तुमच्या चित्रात कोरीची टोकं खाली आहेत. त्याच पानावर, माझ्या नावापुढे, टोकं वर. आणि बाजूला तुमच्या हातचं बारीकसं प्रश्नचिन्ह. कारण मी सूर्य पाहिलाच नव्हता, बाबा. पट्टी तोंडासमोर धरली आणि मला असं भेव वाटलं की मी डोळे घट्ट मिटून मोजायला लागले. तुम्ही जे भय घालवायला सगळी वस्ती पालथी घातलीत, त्यानंच माझे डोळे वाचवले. आता त्या भयाला मी काय म्हणू? आणि ते प्रश्नचिन्ह तुम्ही कधी काढलंत? तुमच्यासारख्या माणसाला उलट्या कोरीचा अर्थ लागलाच नसेल का? लागला असेल, तर दर रविवारी पाटी कशाला वाचून घेत होतात? माझ्या डोळ्यांसाठी, की मी एकदाची खरं बोलेन म्हणून? मला कळत नाही. तुम्हाला ठाऊक होतं असं धरलं तरी लाज वाटते, नव्हतं असं धरलं तरी वाटते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच उरलेलं लिहिते. सहा-सातपर्यंत मोजल्यावर मी तोंड फिरवून डोळे उघडले. समोर आपल्या घराची चुन्यानं रंगवलेली भिंत होती आणि तिच्यावर कडुलिंबाच्या पानापानांतल्या बारीक फटींतून उतरलेल्या कोरी, शेकडो, नखाएवढ्या, सगळ्या टोकं वर केलेल्या, वाऱ्याबरोबर एकदम हलणाऱ्या. इतकं सुंदर मी त्याआधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही. सगळा सूर्य तुमच्या पाठीशी उतरला होता, पट्टीशिवाय, डोळ्यांना कसलाही धोका नसलेला, आणि तुम्ही भिंतीकडे पाठ करून वर बघत होतात. तोवर डोळ्याचं व्हायचं ते होऊन गेलं होतं की अजून काही शिल्लक होतं, कोण सांगणार? बाबा, मागं पाहा, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर मी सूर्याकडे पाहत नाही हे तुम्हाला कळलं असतं. मी भिंतीकडे बघत मोठ्यानं तेरा म्हटलं, आणि मग चौदा.