निवेदनातले दोन शब्द

१३ जुलै १९८३
चीनने ब्रिटिशांना दिलेला नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा सत्त्याण्णव साली संपतो. पुढे हाँगकाँगचं काय, यावर पेकिंगमध्ये ब्रिटिशांशी बोलणी चालू आहेत. चहाघरात आमच्या टेबलावर इंग्रजी वाचणारी मी एकटी. पेपरातलं निवेदन वाचून दाखवलं: बोलणी ‘उपयुक्त आणि विधायक’ झाली. सुक्या मासळीवाल्या काम-लिनने विचारलं, "म्हणजे गोरे राहणार?" राहणार, म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर उगाच विशेषणं वापरत नसत.

२ सप्टेंबर
काम-लिनच्या भावाने व्हँकूव्हरहून तिकडे राहायला येण्याचे कागद पाठवलेत. सही करून महिनाअखेर कॅनडाच्या कचेरीत द्यायचे. "यिपबाई, तुम्ही म्हणाल तसं. माझी अक्कल सुकटाएवढी." तटस्थ राहायचं ठरवलं. ती गेली तर चहाला माझ्यासमोर कोण बसणार, हा प्रश्न वेगळा.

२३ सप्टेंबर, संध्याकाळ
आजच्या निवेदनात ते दोन शब्द नाहीत. छापताना राहिले असावेत. काम-लिन कागद मांडीवर घेऊन ऐकत होती. मी दोन्ही शब्द वाचले. खोटेपणा नव्हे, सवय. तिने कागद टराटरा फाडले. "सुटले बाई! त्या बर्फात कोण मरायला जातंय!" माझे डोळे भरून आले. आनंदाने.

२४ सप्टेंबर
लोक म्हणतात, बोलणी फिसकटली. आपला डॉलर कोसळला. दुकानांत तांदूळ नाही, तेल नाही. डोकं दुखतंय. चहाला गेले नाही.

२५ सप्टेंबर, रविवार
कन्फेशनला जाणार होते. फादरना सर्दी आहे. उगाच त्रास नको.

३ ऑक्टोबर
आज सगळं सांगायचंच, असं ठरवून गेले. मी तोंड उघडण्याआधीच आमच्या टेबलावरचा म्हातारा शिंपी, बाक, ओरडला, "आल्या गोऱ्यांच्या वकीलबाई!" काम-लिन त्याच्यावर तुटून पडली. "गप रे टकल्या! पेपरवाल्यांनी खोटं छापलं. छापलं तेच बिचारीने वाचलं."

मान खाली घालून चहा प्याले.

मग काम-लिन म्हणाली, मुदत तर गेली, कचेरीला इंग्रजीत अर्ज लिहून द्या, नवे कागद मिळतात का बघू. उशिराचं कारण तिनेच सांगितलं: पेपरवाल्यांनी फसवलं. मी लिहिलं. "आता वाचून दाखवा," म्हणाली.

दाखवलं. या वेळी पदरचा एकही शब्द घातला नाही.